म्हैस बघायला आलेला माणूस

शहाद्याच्या आसपास, तापीकाठच्या गावांतून, भर दुपारी काळा गॉगल लावलेला एक माणूस मोटारसायकलवरून उतरला आणि कुणाची म्हैस विकायला आहे का म्हणून विचारू लागला, की गल्लीतल्या बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. या गल्लीत कुणाच्या तरी लग्नाचं चाललंय, हे त्यांना कळून जायचं. आपला वेश कुणालाच ओळखू येत नाही, असं वाटणारे दोधू नाना तेवढे एकटेच होते.

नानांची पोलीस खात्यात तेहतीस वर्षं गेली होती. हवालदार म्हणून निवृत्त झाले. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरची भांडणं आणि खोट्या साक्षी बघून बघून माणसांवरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता. धुतल्या तांदळातही खडा असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. जेवायला बसले तरी ते पहिला घास आधी दातांनी चाचपून बघायचे. सिंधुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, या गोष्टीचा राग मानणं लग्नानंतर वर्षभरात सोडून दिलं.

नोकरीत असतानाच रजेच्या दिवसांत त्यांनी सोयरिकीच्या चौकशांचं काम धरलं. आपल्याकडे मुलगी पाहायला जाण्याआधी आणि मुलगा पसंत करण्याआधी चौकशी होतेच. गावातल्या न्हाव्याला, किराणावाल्याला, दूध घालणाऱ्याला कुणीतरी सहज म्हणून विचारून येतं. पण नानांची चौकशी म्हणजे पक्की चौकशी. ते त्याचा पैसा घेत नसत. टॉवेल, टोपी, नारळ आणि पाचपन्नास माणसांत मान, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. घरातला लोखंडी पेटारा टोप्यांनी भरला होता आणि एकही टोपी त्यांच्या डोक्याला बसत नव्हती.

म्हशीतलं मात्र त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. एकदा एका घरमालकानं गंमत म्हणून खरंच म्हैस सोडून पुढ्यात आणली. आता माघार घेतली तर बिंग फुटेल, म्हणून नानांनी ती घेतली. भाकड निघाली. सिंधुबाईंनी तिला चार वर्षं सांभाळलं आणि तिचं नाव 'साक्षीदार' ठेवलं.

चौकशी झाली की नाना मुलाच्या किंवा मुलीच्या घरी ओट्यावर बसायचे. चहा व्हायचा. चार वडीलधारे जमायचे. मग नाना गॉगल न काढता सांगायला लागायचे: घर चांगलं आहे, शेत पाण्याखाली आहे, मुलगी शिकलेली आहे. इथवर कुणी लक्ष द्यायचं नाही. सगळे थांबलेले असायचे ते त्यांच्या 'पण'साठी. तो 'पण' कधी चुकला नाही. तीस-पस्तीस वर्षांत नानांनी एकही चौकशी 'पण' न घालता संपवली नव्हती. मला वास येतो, असं ते नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून सांगायचे. कुत्र्याचं नाक आणि दोधूचं नाक, असं साहेब म्हणायचे हेही सांगायचे. कुठले साहेब, ते कुणी विचारलं नाही.

गेल्या दसऱ्यानंतर पुरुषोत्तमनगरहून हेमकांतभाऊंचा निरोप आला. हेमकांत साखर कारखान्यात कामाला, त्यांचा मुलगा भाग्येश केळीची रोपं तयार करण्याच्या धंद्यात. भाग्येशला रंजिता नावाची मुलगी पसंत होती. तिचं बी.फार्म. शहाद्यालाच झालेलं, दोघांची ओळख तिथलीच. तिचे वडील तापीकाठच्या गावात शेती करतात. सगळं जुळत होतं. हेमकांतना हरकत नव्हती, भाग्येशनं तर मनात तारीखसुद्धा धरली होती. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी, कोकिळाबाईंपाशी.

कोकिळाबाई वाईट बाई नव्हेत. एकुलत्या मुलाची आई असणं ही गोष्टच अशी आहे की झोप लागायची असेल तर काळजीचीच उशी करावी लागते. त्यांची काळजी अशी होती: रंजिताची आई ती लहान असताना वारली आणि मुलीला आत्यानं वाढवलं. आत्या धडगावला शाळेत शिक्षिका. आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. दिसायला चांगली, शिकलेली, नोकरी पक्की. मग तिचं लग्न का झालं नाही? माणसं उगाच राहत नाहीत. घरात काहीतरी असेल. दुखणं असेल, भानगड असेल, आणि जे आत्यात आहे ते भाचीत येणार नाही कशावरून?

नानांना हा प्रश्न फार आवडला. असा प्रश्न त्यांना कित्येक दिवसांत मिळाला नव्हता. हल्ली मुलंमुली मोबाईलवर एकमेकांची चौकशी आपणच करून घेतात, त्यामुळे गॉगलवर धूळ बसली होती. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला, मफलर गुंडाळला आणि मोटारसायकलला तीनदा किक मारली. चौथीला ती सुरू झाली.

निघताना सिंधुबाईंनी डबा दिला आणि टोमणाही दिला. लोकांच्या घरात इतकं डोकावता, तुमच्या घरात कुणी डोकावलं होतं का, असं त्या नेहमीच विचारायच्या. या वेळी त्यांनी ते पुरतं सांगितलं.

"तुम्हनी चौकशी कोनी करी व्हती का? करी व्हती तं मी आज आठे नही ऱ्हाती."

नानांनी गॉगल लावला. गॉगलचा हाही एक उपयोग होता.

रंजिताच्या वडिलांच्या गावात पोहोचल्यावर त्यांनी आधी चुनीलालच्या चहाच्या टपरीवर बैठक मारली. चुनीलाल त्यांच्याच वयाचा. अशी माणसं म्हणजे चौकशीचं सोनं. नानांनी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, केळीला भाव नाही म्हणाले, मग म्हशीवर आले, आणि म्हशीवरून हळूच त्या घरावर. ते घर कसं? चांगलं. आणि ती बहीण, धडगावची मास्तरीण, तिचं काय?

चुनीलालनं उसासा टाकला. तिचं नाव चारुलता, तो म्हणाला. हिऱ्यासारखी पोर. सत्तावीस वर्षांपूर्वी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, शहाद्याकडचं स्थळ होतं, तिच्या बापानं मांडववाल्यालाही सांगून ठेवलं होतं. पण मुलाकडच्यांनी एक माणूस चौकशीला पाठवला. तो तासभर बसला आणि जाऊन सांगितलं की मुलगी सारखी रडते, तिच्या मनात दुसरा कुणीतरी आहे. झालं. स्थळ मोडलं. पुढचं स्थळ यायचं तर ही गोष्ट त्याच्या आधी पोहोचलेली असायची. तीन स्थळं आली, तिन्ही गेली. मग पोरीनंच सांगितलं की आता पुरे.

कोण होता तो माणूस, नानांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता. चौकशी करणाऱ्याची चौकशी करावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. इतका बेजबाबदार माणूस कोण?

चुनीलालनं उकळत्या चहाच्या पातेल्यावर पळी आपटली.

"एक पोलीसवाला उना व्हता, काया चष्मा लाईसन. म्हैस देखाना बहाना करे. तेले म्हैस ना रेडा समजे नही, पन पोरनं मन समजी गयं म्हने."

नानांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. चुनीलालला ओळख पटली नसावी, असं नानांनी धरलं, कारण तेव्हा त्यांना जाड मिशी होती आणि आता ती नव्हती. त्यांनी गॉगल काढून खिशात घातला. त्या दिवशी त्यांनी पुढे कुणाला काही विचारलं नाही. न्हाव्याकडे गेले नाहीत, किराणावाल्याकडेही नाही. मोटारसायकल या वेळी पहिल्या किकला सुरू झाली, तेवढंच नशीब.

घरी येऊन त्यांनी पेटारा उघडला आणि टोप्या एकेक करून बाहेर काढल्या. सत्तावीस वर्षांपूर्वीची टोपी कोणती, हे काही टोपी सांगत नाही. शेकडो घरांतलं ते एक घर त्यांना आता आठवत होतं थोडंथोडं. ओसरी, एक झोपाळा, पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मुलगी. लाल डोळे. गालांवरून ओघळणारं पाणी. ते तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे खोटं ते बोलले नव्हते. पोलीस माणूस इथे अडकतो. पाहिलेलं खरं होतं, मग चुकलं कुठे? आणि चुकलं नसेल, तर ती मुलगी खरंच रडत होती का, आणि कुणासाठी?

सिंधुबाईंनी टोप्यांचा ढीग पाहिला आणि नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग त्यांनी धडगावच्या घाटात गाडी लागते म्हणून आल्याचा तुकडा कागदात बांधून दिला. कुठे जायचंय हे नानांनी सांगितलंच नव्हतं. खरी चौकशी कोण करतं त्या घरात, हे यावरून समजावं.

धडगावची जीप म्हणजे नऊ माणसांच्या जागेत सतरा. घाट लागला तसा नानांचा चेहरा हिरवा पडला. आलं सिंधुबाईंनी दिलं होतं, पण ते मोटारसायकलच्या डिकीत राहिलं होतं आणि मोटारसायकल शहाद्याच्या स्टँडवर. शेजारी एक पावरा आदिवासी म्हातारी बसली होती. ती त्यांना काही म्हणत होती, ते त्यांना कळत नव्हतं. तेहतीस वर्षं दरोडेखोरांना दरडावलेल्या माणसानं तिसऱ्या वळणावर जीप थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओणवा झाला. म्हातारी खाली उतरली, त्यांची पाठ चोळली आणि कनवटीची चिंच काढून त्यांच्या तोंडात घातली. नानांनी ती दातांनी न चाचपता चोखली. असं बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं.

शाळेला मधली सुट्टी होती. चारुलताबाई व्हरांड्यात बसून एका लहान मुलीची वेणी घालत होत्या आणि तिच्याशी पावरीत बोलत होत्या. केस निम्मे पिकलेले, चष्मा, खांद्यावर पदर घट्ट खोचलेला. नानांनी येताना मनात वाक्य जुळवलं होतं. पण जन्माची खोड. तोंड उघडलं आणि बाहेर तेच आलं, की इकडे कुणाकडे विकाऊ म्हैस मिळेल का.

बाईंनी वर पाहिलं. वेणी सोडली नाही.

"या. सत्तावीस वर्षं झाली, अजून मिळाली नाही वाटतं म्हैस?"

नाना पायरीवर बसले. बाईंनी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, मुलीला पाठवून दिलं आणि त्यांच्यासाठी पाणी आणवलं. त्या वेळी नानांनी जे विचारलं ते पोलिसासारखं विचारलं नाही. त्या दिवशी तुम्ही का रडत होता, एवढंच त्यांनी विचारलं.

चारुलताबाईंना हसू फुटलं, आणि ते आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी, त्यांनी सांगितलं, घरची मिरची आली होती. वर्षाच्या तिखटाची, दोन पोती. सकाळपासून त्या मागच्या अंगणात बसून देठ खुडत होत्या. बाबांनी हाक मारली, पाहुणे आलेत, पाणी आण. घाईत हात न धुता त्यांनी डोळ्यांवर आलेले केस मागे सारले. बस. पुढचा तासभर त्यांना समोरचं धड दिसतही नव्हतं. म्हशीचं गिऱ्हाईक कसं दिसतं, तेही त्यांनी पुरतं पाहिलं नाही.

नानांना हे पटेना. मिरची? नंदुरबार जिल्ह्यातला माणूस आणि मिरचीचं पोतं घरात असून त्याला कळू नये? मागच्या अंगणात दोन पोती मिरची म्हणजे ओसरीतल्या माणसाला ठसका लागायला हवा. आणि त्यात त्यांचं हे नाक.

"तुम्ही सारखे शिंकत होता," बाई म्हणाल्या. "सर्दीनं नाक गच्च झालं होतं तुमचं. बाबांनी मुद्दाम सुंठीचा चहा करवला. जाताना सुंठीचा खडाही दिला होता बरोबर."

नानांचा हात नाकाच्या शेंड्याकडे गेला आणि अर्ध्यावरून खाली आला.

चारुलताबाईंनी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की इथे त्यांचं वाईट चाललेलं नाही. या डोंगरात त्यांची तीन-चारशे मुलं आहेत आणि त्यांतली दोन तर आता शिक्षक झाली आहेत. ज्या घरात जायचं होतं तिथे सुख लाभलं असतंच, असंही काही नाही. फक्त बाबा त्यानंतर कुणाच्या लग्नाला गेले नाहीत. मांडवात लोक विचारतात म्हणून. शेवटपर्यंत गेले नाहीत. हे सांगताना त्या हसत नव्हत्या.

मग त्या उठल्या. घंटा व्हायची वेळ झाली होती. रंजितासाठी कोकिळाबाई काय विचारतात, ते त्यांना माहीत होतं. भाग्येशनं रंजिताला सांगितलं होतं आणि रंजितानं आत्याला. माझ्यामुळे पोरीचं अडलं तर ते मला सोसणार नाही, एवढं त्या म्हणाल्या.

"मी कुणाकुणाला मिरची समजावत फिरू? तुम्ही जिथे बोलायचं तिथे बोला. लोक तुमचं ऐकतात."

परतीच्या घाटात नानांना गाडी लागली नाही. बोलायचं तर स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाक कापायचं होतं, आणि त्या विचारापुढे घाट काहीच नव्हता.

पुरुषोत्तमनगरला हेमकांतभाऊंच्या ओट्यावर नेहमीसारखी तयारी होती. चहा झाला. हेमकांतचे काका प्रेमचंद आणि आणखी तिघे वडीलधारे खुर्च्यांवर बसले होते, कोकिळाबाई उंबऱ्यात. ताटात टॉवेल, टोपी, नारळ ठेवलेला. भाग्येश आत होता, पण पडदा जरा जास्तच हलत होता.

नाना सांगायला लागले. मुलगी चांगली. शिकलेली. बाप सरळ माणूस. आत्या तर देवमाणूस, तिनं आईच्या जागी राहून मुलीला वाढवलं. घरात दुखणं नाही, भानगड नाही. ते थांबले. सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते. प्रेमचंदकाकांनी तर पुढे वाकून कानामागे हात धरला होता.

"पण काय, नाना?" न राहवून कोकिळाबाईंनीच विचारलं.

"पण मी," नाना म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हैस, सर्दी, सुंठ, मिरचीची दोन पोती. त्या आत्याचं लग्न मोडणारा माणूस मीच, आणि तिचा दोष इतकाच की तिनं हात धुतला नव्हता. गॉगल काढलेला होता, त्यामुळे त्यांचे डोळे सगळ्यांना दिसत होते. कित्येकांनी ते पहिल्यांदाच पाहिले. एक डोळा जरा तिरळा होता.

मग तिघांपैकी एक हसायला लागला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. प्रेमचंदकाका मात्र हसले नाहीत. ते मुरलेले माणूस. तेव्हाचं तुमचं चुकलं, तर आजचं बरोबर कशावरून, असं त्यांनी शांतपणे विचारलं. आजही सर्दी नाही ना?

अशा वेळी पूर्वी नाना आवाज चढवायचे. आता त्यांनी सांगितलं की माझं धरूच नका. मी सांगतो म्हणून सोयरीक करू नका आणि मी सांगतो म्हणून मोडूही नका. वहिनींना शंका आहे ना, मग वहिनींनीच जाऊन विचारावं. आत्या खरं बोलते. मला बोलली.

कोकिळाबाई उंबऱ्यातून उठल्या नव्हत्या. त्यांना हसूही येत नव्हतं आणि रागही. त्यांच्या डोक्यात एक वेगळीच काळजी शिरली होती.

"आणि बाकीच्यांचं काय हो, नाना? त्या सगळ्यांचं नाक मोकळं होतं का?"

नाना उठले. ताटातली टोपी त्यांनी घेतली नाही.

कोकिळाबाई तिसऱ्या दिवशी जीपनं धडगावला गेल्या, एकट्या, हेमकांतला न नेता. त्या आणि चारुलताबाई सबंध दुपार काय बोलल्या, ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळी परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत डोंगरातल्या तुरीची डाळ होती आणि डोळे सुजलेले होते. भाग्येश घाबरला. मिरची नव्हती ना तिथे, त्यानं विचारलं. कोकिळाबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि साखरपुड्याची तारीख काढायला सांगितली.

इकडे नानांनी चौकशीचं काम बंद केलं. बंद केलं म्हणजे लोकांनी बोलावणं बंद केलं, पण त्यांनी ते आपणच सोडलं असं सांगितलं, आणि सिंधुबाईंनी त्यांना तसं सांगू दिलं. त्याऐवजी ते आठवड्यातून दोनदा मोटारसायकल काढून कुठल्या ना कुठल्या गावी जायला लागले. पूर्वी मोडलेल्या सोयरिकी आठवून, त्या घरी जाऊन बसायचे. काही ठिकाणी दार उघडायचं नाही. एका ठिकाणी त्यांच्यावर खरोखर म्हैस सोडली. काही ठिकाणी चहा मिळायचा आणि तोच त्यांना सगळ्यात जड जायचा.

जानेवारीत चारुलताबाईंच्या भावानं एक पोतं पाठवलं. घरची लाल मिरची, देठांसकट. बरोबर चिठ्ठी होती: रंजिताच्या लग्नाच्या तिखटासाठी. नानांनी स्वतः खुडावी, सुंठीची गरज पडल्यास कळवावं.

सिंधुबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्यांनी ओट्यावर, थेट रस्त्याच्या बाजूला, गोणपाट अंथरलं, पोतं ओतलं आणि नवऱ्याला समोर बसवलं. गॉगल कपाटात कुलूप लावून ठेवला.

दुपारपर्यंत नानांचे डोळे लालबुंद झाले. नाक वाहत होतं, पण गच्च नव्हतं. मिरचीचा दाणा न् दाणा त्यांना कळत होता. पाणी गालांवरून ओघळत होतं आणि हात मिरचीचे असल्यामुळे पुसताही येत नव्हतं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबत होती, बघत होती. समोरच्या घरातली पाणी भरायला निघालेली बाई हंडा कमरेवर घेऊन उभी राहिली.

"काय नाना, रडी ऱ्हायनात? मनमा कोन शे?"

नानांनी देठ खुडला, मिरची टोपलीत टाकली आणि दुसरी हातात घेतली.

"शेतस ना," ते म्हणाले. "बराच जन शेतस."